लक्ष नव्हते

वकिलीच्या व्यवसायात मनुष्याला जी वाक्ये पुनःपुन्हा ऐकावी लागतात, त्यांत ‘लक्ष नव्हते’ या दोन शब्दांच्या वाक्याचा क्रम बराच वर लागेल. अपघात करणारा गाडीवाला ते म्हणतो, न वाचता सही करून बसलेला मनुष्य म्हणतो, आणि डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट न पाहिलेला साक्षीदारही म्हणतो. म्हणणाऱ्याचा भाव असा की, एवढे सांगितल्यावर प्रश्न मिटला. डोळे उघडे होते, कान शाबूत होते. परंतु लक्ष नावाचा जो कोणी तिसरा इसम आहे तो त्या वेळी घरी नव्हता. सबब दोष आमचा नव्हे. कायदा मात्र हे उत्तर स्वीकारीत नाही. जुन्या दंडसंहितेचे कलम ३०४-अ घ्या, की १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ घ्या. हयगयीने कोणाचा मृत्यू ओढवला तर लक्ष न देणे हाच आरोपाचा गाभा ठरतो. आरोपी जे बचाव म्हणून सांगतो, तेच सरकारी वकिलाला सिद्ध करावयाचे असते.

हा विरोध आम्ही इतकी वर्षे सहज गृहीत धरून चाललो होतो. गेल्या वर्षी मात्र तेच वाक्य आमच्याच तोंडून, आमच्याच कचेरीत बाहेर पडले. तेव्हा त्याचा विचार करणे भाग पडले.

मये हा गाव बाहेरच्यांना तळ्यासाठी ठाऊक आहे, आपल्या लोकांना महामायेसाठी, आणि आम्हां वकिलांना जमिनीच्या प्रश्नासाठी. गावातील पुष्कळशी जमीन पोर्तुगीज अमलात एका किताबवाल्या घराण्याच्या मालकीची होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक देश सोडून गेलेले. पुढे १९६४ च्या कायद्याखाली ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे आली. पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेल्या माणसांची स्थिती अशी झाली की घर आपले, परसातले माड आपल्या आजाने लावलेले, पण खालची माती कोणाची हे कागदावर दाखविता येईना. असे किताब आणि अशी दाने रद्द करणारा कायदा २०१४ साली झाला आणि लोकांनी हक्काच्या कागदासाठी खटपट आरंभिली. अशाच कामासाठी मयेची एक वृद्ध बाई आमच्याकडे आली होती. तिला सांगावयाचे होते ते एवढेच की, जुन्या पावत्या तिच्या दिवंगत पतीच्या नावावर नसून दिराच्या नावावर आहेत, आणि त्या दिराचे कागदावरचे नाव घरच्या हाकेच्या नावाहून वेगळे आहे. हे तिने सांगितले. आम्ही मान डोलावली. त्या दिवशी एका मोठ्या दाव्याचा निकाल व्हावयाचा होता आणि टेबलावर उताणा ठेवलेला मोबाईल केव्हा उजळतो याची आम्ही वाट पाहत होतो. अर्ज पतीच्या नावाने गेला, त्रुटीसह परत आला, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या आयुष्यातील एक वर्ष फुकट गेले.

ती परत आली तेव्हा रागावली नाही. म्हणाली, “वकीलबाब, हांवें तें तुमकां त्याच दिसा सांगिल्लें. तुमी ‘हय, हय’ म्हणटाले.” आम्ही म्हणालो, “मावशी, लक्ष नव्हते.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “लक्ष आशिल्लें, बाबा. पूण तें त्या फोनाचेर आशिल्लें.”

साक्षीपुराव्याच्या कायद्यावरील पुष्कळ ग्रंथ आम्ही चाळले आहेत. इतकी नेमकी दुरुस्ती आम्हांला कोणी सुचविली नव्हती. लक्ष नाहीसे होत नाही. ते कोठेतरी असतेच. मग ते जेथे असते तेथे त्याला कोण नेते?

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाचा गेली काही दशके चांगला पिच्छा पुरविला आहे. १९९५ साली रॉबर्ट डेझिमोन आणि जॉन डंकन या दोघांनी जी मांडणी केली तिचा सारांश असा : डोळ्यांपुढे एकाच क्षणी असंख्य वस्तू येतात, आणि मेंदूच्या पेशींत त्यांची आपापसांत झुंज चालते. लक्ष म्हणजे अंधारात फिरविलेला कंदील नव्हे. या झुंजीत एका बाजूला पडलेले झुकते माप म्हणजे लक्ष. देवळाच्या बैठकीत सगळे महाजन एकदम बोलू लागावेत आणि ज्याच्या बाजूला वजन असेल त्याचेच म्हणणे शेवटी ऐकू यावे, तसा हा प्रकार. मात्र मेंदूत कोणी स्वतंत्र अध्यक्ष बसलेला नाही. वजन आधीच कोठेतरी पडलेले असते.

ते वजन कधी हाती घेतलेल्या कामाचे असते, कधी वस्तूच्या झगमगाटाचे; आणि पुष्कळदा, त्या वस्तूपासून पूर्वी काय लाभ झाला होता याचे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग आता सर्वत्र सांगितले जातात. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की मध्यमेंदूतील ज्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य सोडतात त्या उसळतात. रसाच्या आधी दिवा लावण्याची रीत ठेवली की काही काळाने त्या दिव्यावर उसळू लागतात, रसावर नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी त्यांची हालचाल मंदावते. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ लावला तो असा की, या पेशी सुखाचा हिशेब ठेवीत नाहीत. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतराचा ठेवतात. मिशिगनच्या केंट बेरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ संपविले, त्यांच्या तोंडात गोड घातले तर ते पूर्वीसारखेच चाटूनपुसून गोडी घेत; पण समोर ठेवलेल्या अन्नाकडे जाण्याची त्यांना इच्छाच होईना. आवडणे वेगळे आणि ओढ लागणे वेगळे. आमचा मोबाईल त्या दिवशी आम्हांला काहीही सुख देत नव्हता. तो नुसता ओढत होता.

शास्त्रज्ञांच्याही एका अडचणीची येथे नोंद केली पाहिजे, कारण ती वकिलाला विशेष कळण्यासारखी आहे. माकडाने अमुक ठिकाणी लक्ष द्यावे म्हणून त्याला रस देतात. आणि रसाची किंमत त्याच्या मेंदूत कशी नोंदली जाते हे पाहावयाचे, तर ज्या ठिकाणी रस त्याच ठिकाणी त्याचे लक्षही जाते. मग पेशीची हालचाल लक्षाची की लोभाची? जॉन मॉन्सेल यांनी २००४ साली हा प्रश्न उघडपणे विचारला. दोन साक्षीदार नेहमी हातात हात घालून न्यायालयात येतात. एकाची स्वतंत्र उलटतपासणी घ्यावी तर दुसऱ्याला बाहेर बसविता येत नाही. आमच्या वाचकांना यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधान मागतात, आणि त्याच श्वासात त्या अवधानाने काय सुख पदरी पडेल हेही सांगून टाकतात. नुसते ‘लक्ष द्या’ म्हणून लक्ष मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

येथे आपल्याच भूमीतील एका मनुष्याची आठवण होते. १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेले जुझे कुस्तोदियु फारिया, जगाला आबे फारिया म्हणून परिचित झाले. त्यांच्याविषयीची एक कथा गोव्यात सर्वतोमुखी आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करावयास ते उभे राहिले, समोर दरबाराचा थाट पाहून त्यांची वाचा बसली. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, ही सगळी भाजी आहे, ‘कातर रे भाजी’. आणि प्रवचन धो धो वाहू लागले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, ती सांगते ते मोलाचे आहे. वडिलांनी मुलाला ‘लक्ष एकाग्र कर’ असा उपदेश केला नाही. त्यांनी समोरच्या दरबाराची किंमत उतरविली. राणी भाजी ठरली, तिच्यावर खिळलेले चित्त सुटले, आणि प्रवचनाकडे आपोआप आले.

पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये फारिया कृत्रिम निद्रेचे प्रयोग दाखवू लागले. त्यांच्या आधी मेस्मरने अशी समजूत पसरविली होती की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य प्रवाह निघून रोग्यात शिरतो. फारियांनी सांगितले, प्रवाह वगैरे काही नाही. निद्रेचे कारण निद्रा येणाऱ्यातच आहे, त्याच्या स्वतःच्या चित्ताच्या एकवटण्यात आहे. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. रक्ताच्या पातळपणाविषयीच्या त्यांच्या काही कल्पना आज टिकत नाहीत; पण मूळ गोष्ट टिकली. १९९७ साली पियेर रेनव्हिल यांच्या मंडळींनी संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात ठेवून, वेदना नकोशी वाटू नये अशी सूचना दिली. स्पर्शाची नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागात विशेष फरक पडला नाही. वेदनेच्या नकोसेपणाशी संबंध असलेल्या दुसऱ्या एका भागाची हालचाल मात्र सूचनेप्रमाणे कमीजास्त झाली. पाणी तितकेच कढत, त्याची मनातील किंमत बदलली. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभा राहिलेला फारियांचा पुतळा, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ती कृती, मोठी जोरदार आहे. परंतु हात पसरून कोसळत्या स्त्रीवर झुकलेला तो धर्मगुरू पाहून येणाऱ्याजाणाऱ्याचा समज नेमका तोच होतो जो खोडण्यात त्यांचे आयुष्य गेले.

इथवर आल्यावर कोणी म्हणेल, मग काम सोपे झाले. जे क्षुल्लक आहे त्याची किंमत मनात उतरवावी आणि जे थोर त्याची वाढवावी; लक्ष मागोमाग येईल. आम्हांलाही काही दिवस असेच वाटले. नवरात्रात महामायेच्या देवळात बसून सप्तशतीचा पाठ ऐकताना या समजुतीला तडा गेला.

पहिल्या अध्यायाची कथा वाचकांना पाठ असेल. तरी ती या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. सुरथ राजाचे राज्य गेले, अमात्यांनीच कोश आणि सैन्य बळकावले. तो एकटा घोड्यावर बसून वनात मेधा ऋषीच्या आश्रमी आला. आणि तेथे त्याला काय सुचते? आपला तो मदमस्त हत्ती शत्रूच्या हाती पडून सुखात असेल की नाही. आपण कष्टाने साठविलेला कोश ते उधळे लोक संपवून टाकतील. तेथेच त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. धनाच्या लोभाने बायकामुलांनी त्याला घराबाहेर काढले आहे, आणि हा चिंता करतो आहे ती त्यांच्याच कुशलाची. दोघेही मूर्ख नाहीत. दोघेही ऋषीला स्पष्ट सांगतात की, यात दोष आहे हे आम्हांला दिसते, तरीही मन तिकडेच जाते, हे कसे? ऋषी उत्तर देतात त्यात ते महामायेचे नाव घेतात : ज्ञान्यांचीही चित्ते ती बळाने ओढून नेते.

हे ऐकताना आम्हांला आठवला तो ब्रायन अँडरसन, पॅट्रिक लॉरंट आणि स्टीव्हन यांटिस यांचा २०११ सालचा प्रयोग. त्यांनी लोकांना पडद्यावर तांबडे किंवा हिरवे वर्तुळ शोधावयास लावले. एका रंगाला बहुधा जास्त पैसे, दुसऱ्याला कमी. मग खेळ बदलला. आता रंगाशी काही कर्तव्य नाही, पैसेही नाहीत. फक्त वेगळ्या आकाराची वस्तू शोधावयाची. तरीही पूर्वी पैसे देणारा रंग कोपऱ्यात कोठे दिसला की लोकांचे उत्तर रेंगाळे. रंग ठळक नव्हता, उपयोगाचा नव्हता, त्याची किंमत शून्य झाली आहे हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या तपासणीत अशी ओढ काही महिन्यांनंतरही शिल्लक आढळली. सुरथाचा हत्ती याहून वेगळा काय होता? पैसे गेले, राज्य गेले; जुन्या लाभाने मेंदूत पाडलेली वाट राहिली, आणि चित्त त्या वाटेने चालत गेले. विवेकाने आज उतरविलेली किंमत त्या वाटेला लागलीच कळत नाही.

येथे नीतीचा खरा पेच आहे. आमच्या कचेरीतील त्या सकाळी, कोणी आम्हांला विचारले असते की या बाईचे घर मोठे की निकालाची बातमी अर्धा तास आधी कळणे मोठे, तर आम्ही क्षणाचाही विचार न करता ‘घर’ म्हटले असते, आणि ते खोटे नसते. म्हणजे लक्षावरून मनुष्याची परीक्षा करावी, ज्याकडे त्याचे चित्त जाते तेच त्याला प्रिय समजावे, हे जे कठोर मत काही सज्जन मांडतात ते सर्वस्वी खरे नाही. सुरथाला हत्ती प्रिय होता म्हणून तो हत्तीचा चिंतक होता, एवढेच म्हणून भागत नाही. तो आपल्या चिंतेकडे बघून स्वतःच चकित झालेला होता. पण म्हणून दोष नाही असे म्हणावे, तर त्या बाईचे गेलेले वर्ष कोणाच्या खात्यावर मांडावयाचे? महामायेच्या? अशा युक्तिवादाला न्यायाधीश हसतील, आणि बहुधा देवीही.

कायद्याने हा पेच निराळ्या प्रकरणात सोडविलेला आहे. मद्यपान करून कोणी अपराध केला, तर त्या क्षणी त्याला भान नव्हते हे कायद्याला ठाऊक असते. तरी कायदा विचारतो, दारू कोणी पाजली? फसवून किंवा बळाने पाजली असेल तर तो सुटू शकतो. स्वतः प्याला असेल तर भान असलेल्या मनुष्याला जी जाणीव असती ती त्यालाही होती असे धरतात. गाडी चालविता चालविता ज्याला झोप लागली त्याला झोपेबद्दल कोणी दोष देत नाही. डोळे मिटू लागलेले कळूनही गाडी बाजूला न घेतल्याबद्दल देतात. अपराधाचा क्षण मागे सरकविला जातो. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही बेपर्वा मनुष्याविषयी हेच म्हटले आहे की, आज त्याला काळजी घेणे जमत नसेल, पण असा तो शैथिल्यात दिवस काढूनच झाला.

हा नियम आम्ही स्वतःला लावून पाहिला. बाई बोलत असताना आमचे चित्त ओढले गेले, तेव्हा ते थांबविणे आमच्या हाती होते की नव्हते, याचा निर्णय आम्ही देऊ शकत नाही. परंतु मोबाईल टेबलावर उताणा कोणी ठेवला? त्या आधी दहा वर्षे, प्रत्येक किणकिणीला उचलून त्याला ती वाट कोणी पाडू दिली? आणि कमी फीचा अशील आणि जास्त फीचा अशील यांच्या बोलण्यात आमचे कान कमीजास्त टवकारतात, हे आमच्या कारकुनाला आमच्या आधी कळले होते असे आता दिसते. तो कधी बोलला नाही. हे प्रश्न विचारल्यावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असलेले आम्ही फारसे टिकलो नाही.

सप्तशतीच्या शेवटच्या अध्यायाकडेही याच संदर्भात पाहावेसे वाटते. राजा आणि वैश्य दोघे नदीतीरी मातीची मूर्ती करून तीन वर्षे एकाच तऱ्हेने आराधना करतात. एकाग्रता दोघांची सारखीच. देवी प्रसन्न होते तेव्हा सुरथ गेलेले राज्य मागतो, आणि समाधी ‘मी आणि माझे’ ही ओढ तोडणारे ज्ञान मागतो. दोघांनाही मागितले ते मिळते. पुराणकार राजाला हलका लेखीत नाही, हे आम्हांला विशेष वाटले. एकाच तपाच्या पोटी दोन अगदी वेगळ्या इच्छा असू शकतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या ओळखू येत नाहीत. देवळात डोळे मिटून बसलेल्या मंडळीतही असेच असणार. त्या संध्याकाळी आम्ही सुद्धा मनात दाव्याची एक तारीख मोजून घेतली होती.

गेल्या आठवड्यात ती बाई पुन्हा आली होती. मोबाईल आम्ही कारकुनाच्या खोलीत ठेवला. हे काही मोठे तप नव्हे. ज्याला आपल्या वाटेचा भरवसा नाही त्याने गाडी आधीच बाजूला घ्यावी इतकेच. बाई अर्धा तास बोलली. त्यात पावत्यांविषयी थोडे, आणि मोडकळीला आलेल्या पडवीविषयी, सुनेविषयी, यंदा फणस कमी धरला त्याविषयी पुष्कळ. आमचे चित्त दोनदा बाहेर गेले आणि दोनदा आम्हांला ते सापडले. तिसऱ्यांदा गेले असल्यास ते आम्हांला कळलेले नाही. म्हणून लिहून घेतलेले टिपण आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखविले. दिराच्या नावाच्या ठिकाणी तिने एक दुरुस्ती सांगितली, आणि घराच्या चतुःसीमेत आणखी एक.